बैठकीत जे बोललं जात नाही, त्याबद्दल

बैठक संपते, लोक बाहेर पडतात आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. जिन्यात, फोनवर, दोघातिघांच्या वेगळ्या ग्रुपवर. "हे तीन महिन्यांत होणं शक्यच नाही." "मग आत का नाही बोललास?" "काय बोलणार? सगळे हो म्हणत होते." त्या 'सगळ्यां'पैकी निम्म्यांच्या मनातही हीच शंका असू शकते. तेही बाकीचे हो म्हणताहेत म्हणूनच गप्प बसलेले असतात.

असं झालं की आपण माणसांना नावं ठेवतो. हा भित्रा, तो दुसऱ्याला बोलूच देत नाही, तिला कशातच रस नाही. गटांवर गेली पाऊणशे वर्षं झालेलं संशोधन मात्र वेगळं सांगतं, आणि मला ते पटतं. दोष स्वभावात कमी आणि बैठक कशी मांडली यात जास्त असतो. आधी कोण बोललं, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, खोलीत किती जण होते, शेवटचा निर्णय कुणाचा हे ठाऊक होतं का, एवढं बदललं की तीच माणसं वेगळी वागतात. गट चालवणाऱ्याचं, म्हणजे फॅसिलिटेटरचं, काम इथेच असतं. विषयातलं सगळ्यांत जास्त त्याला कळायला हवं असं नाही. ज्यांना कळतं त्यांच्या डोक्यातलं सगळ्यांसमोर कसं येईल, हे त्याने पाहायचं.

माहिती असते, पण बाहेर येत नाही

समजा चार जणांच्या समितीला दोन उमेदवारांमधून एकाची निवड करायची आहे. पहिल्या उमेदवाराच्या आठ जमेच्या बाजू आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत. प्रत्येक सदस्याला त्यातल्या दोनच माहीत आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. दुसऱ्याच्या चारच जमेच्या बाजू आहेत, पण त्या चारही सगळ्यांना ठाऊक आहेत. प्रत्येक जण आपापल्या जागी दुसऱ्यालाच बरा समजून बैठकीला येतो. चर्चेत सगळी माहिती समोर आली तर पहिलाच निवडला जाईल. मग समिती नेमायचा फायदा झाला असं म्हणता येईल.

पण प्रत्यक्षात सहसा तसं होत नाही. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली याच धर्तीचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळी माहिती सगळ्यांना दिली तेव्हा बहुतेक गटांनी योग्य उमेदवार निवडला. तीच माहिती वाटून दिली तेव्हा बहुतेक गट चुकले, आणि चर्चा करूनही चुकले. पुढे अनेकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने हा प्रयोग केला, तेव्हाही चित्र फारसं बदललं नाही.

कारण साधं आहे. जी गोष्ट चौघांना माहीत आहे ती चौघांपैकी कुणीही काढू शकतं, त्यामुळे ती निघतेच. निघाली की बाकीचे मान डोलावतात, सांगणाऱ्याला बरं वाटतं आणि ती पुन्हा निघते. एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट त्या एकट्यानेच बोलायला हवी. ती बोलल्यावर दुजोरा द्यायला कुणी नसतं. "अच्छा, असं आहे का?" एवढं म्हणून चर्चा पुढे सरकते. म्हणजे गटाला ज्या माहितीची सगळ्यांत जास्त गरज असते, तिलाच सगळ्यांत कमी भाव मिळतो.

म्हणून सुरुवातीला "कोण पसंत आहे?" किंवा "कुठला पर्याय बरा?" असं विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. कल एकदा जाहीर झाला की लोक त्याच्या बाजूने बोलू लागतात आणि उरलेली माहिती बाहेर काढण्यातला रस संपतो. आधी फक्त माहिती गोळा करायची. कुणाला काय माहीत असण्याची शक्यता आहे, हे उघड सांगायचं: "हिशोब तुम्ही बघता, ग्राहकांचे फोन ही घेते, यंत्र हा चालवतो, तेव्हा तिघांकडून मला वेगवेगळं ऐकायचं आहे." एखाद्याकडे विशिष्ट माहिती आहे हे गटाला आधीच कळलं, तर त्याचं एकट्याचं बोलणंही वजनदार ठरतं. आणि निर्णयाच्या आधी एक प्रश्न प्रत्येकाला विचारायचा: "या खोलीत अजून कुणीच बोललेलं नाही, असं तुमच्याकडे काय आहे?" "कुणाला काही बोलायचंय का?" या प्रश्नाला उत्तर येतं "नाही". वरच्या प्रश्नाला "नाही" म्हणण्याआधी माणसाला क्षणभर आठवावं लागतं.

आधी कोण बोललं

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचे १९५१ पासूनचे प्रयोग अनेकांनी ऐकले असतील. एका रेघेइतकीच लांब रेघ तीन रेघांमधून ओळखायची, इतकं सोपं काम. खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याला सामील, आणि ते ठरवून चुकीचं उत्तर देणारे. अशा वेळी खऱ्या सहभागी व्यक्तींची सुमारे एकतृतीयांश उत्तरं गटामागे जाऊन चुकली. डोळ्यांना उत्तर दिसत असतानाही.

याच प्रयोगाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो, आणि गट चालवणाऱ्याला तोच जास्त कामाचा आहे. सामील मंडळींपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी गटामागे जाण्याचं प्रमाण एकदम घसरलं. त्या एकाने बहुमतापेक्षा वेगळं पण चुकीचं उत्तर दिलं, तरीही दाब कमी झाला. म्हणजे वेगळं बोलणाऱ्याचं म्हणणं बरोबरच असायला हवं असं नाही. तो बोलला की पुढच्याला मार्ग मोकळा होतो. म्हणून पहिला विरोधी सूर उमटतो तो क्षण बैठक चालवणाऱ्याने जपायला हवा. "थांबा, हे महत्त्वाचं आहे, जरा सविस्तर सांगा," एवढं म्हटलं तरी बाकीच्यांना कळतं की इथे वेगळं बोललं तर चालतं.

अधिकाराची उतरंड असेल तर हा दाब आणखी वाढतो. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेऊ पाहणाऱ्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाला नियंत्रण कक्षाची परवानगी मिळालेली नव्हती. पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान अजून धावपट्टीवरच होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने रेडिओवरच्या संभाषणातून ते हेरलं आणि विचारलं, ते विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं की झालंय. हा कॅप्टन कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक वैमानिक होता. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही, सहवैमानिकही काही बोलला नाही.

म्हणजे माहिती कॉकपिटमध्ये होती. तिने प्रश्नाचं रूप घेतलं, आणि ठाम उत्तर मिळताच प्रश्न मिटला. हा आणि त्या दशकातले इतर अपघात तपासल्यावर विमान वाहतुकीच्या क्षेत्राला दिसलं की यंत्र बिघडण्याइतकाच धोका माणसांच्या आपसातल्या बोलण्यात आहे. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि तिथून 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि ज्येष्ठाने ती कशी ऐकायची, हे त्यात सरावाने शिकवतात. त्यातला एक नियम कुठल्याही गटाला उचलता येईल: शंका एकदा मांडली आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं, तर ती दुसऱ्यांदा मांडायचीच, आणि या वेळी प्रश्न म्हणून नाही, विधान म्हणून. "आपण हे तपासलंय ना?" असं नाही. "हे तपासलेलं नाही असं मला दिसतंय, तपासेपर्यंत थांबू या." असा नियम सगळ्यांना आधीपासून माहीत असला की दुसऱ्यांदा बोलणारा उद्धट ठरत नाही. तो नियम पाळतोय, इतकंच.

ज्येष्ठांसाठी याहून सोपी गोष्ट आहे: शेवटी बोला. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने सुरुवातीलाच "मला वाटतं, आपण असं करावं, पण तुमचं मत सांगा" म्हटलं, की त्यातलं 'पण तुमचं मत सांगा' कुणालाच ऐकू येत नाही.

बोलण्याआधी लिहिणं

मला एकच युक्ती सांगायला सांगितली, तर मी ही सांगेन: महत्त्वाच्या प्रश्नावर चर्चेआधी प्रत्येकाला पाच-सात मिनिटं शांतपणे लिहू द्या.

सगळ्यांनी एकत्र बसून भराभर कल्पना मांडायच्या, टीका करायची नाही, ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑस्बर्न यांनी लोकप्रिय केली. ती इतकी पसरली की आजही 'नवी कल्पना हवी' म्हटलं की लोकांना फळ्याभोवती जमवतात. येल विद्यापीठात १९५८ साली तिची पहिली नीट तपासणी झाली. चार जण एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात, त्यापेक्षा दुसरे चार जण वेगवेगळे बसून काढतात त्यांची बेरीज जास्त भरली. पुढे मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये कारण शोधलं. लोक लाजतात किंवा टाळाटाळ करतात हे खरंच, पण मुख्य अडचण वेगळी होती. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत कल्पना मनात धरून ठेवतात, तेवढ्यात ती विसरतात, किंवा दुसऱ्याचं ऐकून तिची आता गरज नाही असं समजून सोडून देतात.

लिहिताना पाळीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय पहिल्या बोलणाऱ्याचा रंग बाकीच्यांच्या विचारांना लागत नाही. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला यावरून रीतसर पद्धत बांधली. ती अशी चालते. प्रश्न फळ्यावर एका वाक्यात लिहायचा. प्रत्येक जण आपापल्या कागदावर मुद्दे लिहितो, कुणी कुणाशी बोलत नाही. मग एकेकाने एकच मुद्दा वाचायचा, तो जसाच्या तसा फळ्यावर, मग पुढच्याचा एक, आणि सगळे मुद्दे संपेपर्यंत अशा फेऱ्या. या टप्प्यावर वाद घालायचा नाही. नंतर प्रत्येक मुद्द्यावर थोडक्यात बोलायचं, पण फक्त अर्थ स्पष्ट करण्यापुरतं. शेवटी प्रत्येक जण गुप्तपणे आपले पहिले पाच मुद्दे क्रमाने लावतो आणि गुणांची बेरीज होते.

कागदावर ही पद्धत रटाळ वाटते. प्रत्यक्षात 'एका फेरीत एकच मुद्दा' या अटीने खोलीतलं वातावरण बदलतं. भरपूर बोलणाऱ्याचे पहिल्याच फेरीत आठ मुद्दे होत नाहीत. जो कधी बोलत नाही त्याला 'बोलायचं' नसून 'वाचायचं' असतं, आणि ते त्याला जमतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत नेहमीचे मुद्दे संपतात आणि ज्याच्यासाठी सगळे जमले ते वर यायला लागतं.

ऑनलाइन बैठकीत तर हे आणखी सोपं आहे. सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवायचं, पण पाठवायचं नाही. "आता पाठवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम.

खोलीत काय करायचं

फॅसिलिटेटरचं बरंचसं काम छोट्या वाक्यांत असतं. काही प्रसंग जवळून पाहू.

एक जण तोच मुद्दा तिसऱ्यांदा सांगतोय. बाकीचे फोन बघू लागलेत. त्याला थांबवलं तर तो दुखावणार, नाही थांबवलं तर बैठक बुडणार. माणूस पुन्हा पुन्हा बोलतो ते बहुधा आपलं पोहोचलेलं नाही असं त्याला वाटतं म्हणून. त्यामुळे त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, "तुमचा मुद्दा हाच ना? काही राहिलं का?" त्याने हो म्हटलं की तो मोकळा होतो. पुन्हा तिथेच आला तर फळ्याकडे हात करायचा: "हा मुद्दा नोंदवलाय. यावर अजून कुणाला काय वाटतं ते ऐकू या." फळ्याचा खरा उपयोग हाच आहे.

एखादी मुलगी अर्धा तास गप्प आहे. "तुझं काय मत?" असं सगळ्यांसमोर अचानक विचारणं मला पटत नाही. त्याने संकोच वाढतो आणि ती बहुधा "मला सगळ्यांचं पटतंय" म्हणून सुटका करून घेते. त्यापेक्षा आधी सूचना द्यावी: "दोन मिनिटांनी मी तुझ्याकडे येणार आहे, कारण हे काम रोज तूच करतेस." विचारण्याचं कारणही सांगितलेलं असलं की ती परीक्षा वाटत नाही.

प्रश्न विचारल्यावर शांतता पसरते. ती सहन होत नाही म्हणून चालवणाराच उत्तर देऊन टाकतो. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात शाळेच्या वर्गांत हेच मोजलं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायला शिकले तेव्हा उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मोठ्यांच्या बैठकीतही हे करून पाहण्यासारखं आहे. मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे.

माणूस बैठकीत एकदा बोलला की पुन्हा बोलणं त्याला सोपं जातं, म्हणून पहिल्या काही मिनिटांतच प्रत्येकाचा आवाज खोलीत उमटायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियांसाठी जी तपासणी यादी आणली, तिच्यात चिरा देण्याआधी उपस्थित प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, अशी ओळ आहे. शल्यविशारदापासून परिचारिकेपर्यंत सगळ्यांनी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांमध्ये ही यादी वापरून झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. हे सगळं त्या एका ओळीमुळे झालं असं कुणी म्हणणार नाही. यादीत रुग्णाची ओळख पटवण्यापासून बोळे मोजण्यापर्यंत इतर बऱ्याच गोष्टी आहेत. पण ज्यांनी ती तयार केली त्यांना नावं सांगण्याची जागा त्यात असावीशी वाटली, याला माझ्या लेखी मोल आहे.

निर्णय कुणाचा, आणि प्रश्न कोणता

बैठकांमधला मनस्ताप बऱ्याचदा एका अस्पष्टतेतून येतो. लोकांना वाटतं आपण मिळून ठरवतोय, आणि वरिष्ठाला वाटतं मी फक्त मतं ऐकतोय. नंतर निर्णय वेगळाच आला की फसवल्यासारखं वाटतं. "मी ठरवणार आहे, पण आधी तुमचं ऐकायचं आहे" हे सांगण्यात काहीही वाईट नाही. लोकांना ते चालतं. चालत नाही ते लोकशाहीचा देखावा.

मतदानाने भराभर निकाल लागतो, पण हरलेली बाजू राहते आणि तिला तेच काम करायचं असतं. सगळ्यांचं मनापासून एकमत व्हावं हा आग्रह धरला तर एखादा अडून बसतो किंवा सगळे थकून होकार देतात. या दोहोंच्या मधली एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. "हे सगळ्यांना आवडलं का?" असं न विचारता "यात कुणाला न चालणारं काही आहे का?" असं विचारायचं. आवडणं वेगळं आणि चालणं वेगळं. हरकत असेल तर कारण सांगायचं, आणि मग हरकतदाराला पटवत न बसता प्रस्तावातच दुरुस्ती करायची. पटकन अंदाज घ्यायचा असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी हाताची बोटं दाखवायची: पाच म्हणजे पूर्ण पाठिंबा, तीन म्हणजे चालेल, एक म्हणजे गंभीर शंका. एक-दोन दाखवणाऱ्यांचं आधी ऐकायचं.

प्रश्नाची दिशा बदलली की निर्णय कसा बदलतो याचं एक दुःखद उदाहरण आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते नासाशी फोनवर बोलत होते. इतक्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी नीट काम करणार नाहीत, उड्डाण पुढे ढकला, असं त्यांचं म्हणणं होतं. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवल्यावर कंपनीच्या वरिष्ठांनी फोन बाजूला ठेवून आपसात चर्चा केली आणि शेवटी व्यवस्थापकांनीच होकार दिला. अभियंत्यांपैकी रॉजर बॉइजोली यांनी नंतर चौकशीत सांगितलं की, एरवी 'उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा' असं असायचं, त्या रात्री 'असुरक्षित आहे हे सिद्ध करा' असं झालं. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात जण गेले. पुराव्याचं ओझं कुणावर आहे याकडे गट चालवणाऱ्याने कायम लक्ष ठेवायला हवं. घाई वाढली की ते ओझं गुपचूप शंका घेणाऱ्याच्या खांद्यावर सरकतं.

शंकांना हक्काची जागा द्यायची असेल, तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेला 'प्री-मॉर्टेम' करून पाहावा. निर्णय जवळपास झाल्यावर गटाला सांगायचं: "समजा वर्ष उलटलंय आणि ही योजना पार फसली आहे. का फसली ते प्रत्येकाने लिहा." इथे शंका काढणारा अपशकुनी ठरत नाही, कारण शंका काढणं हेच काम दिलेलं असतं. एखाद्याला मुद्दाम विरोधी पक्षाची भूमिका वाटून देण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती मला तितकीशी भावत नाही. शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत ठरवून केलेल्या विरोधापेक्षा मनापासूनच्या विरोधाने गटाला जास्त आणि वेगळा विचार करायला लावलं. नाटकातला विरोध आहे हे कळलं की लोक त्याला नाटकातलंच उत्तर देतात.

बैठकीनंतरचं काम

माणसं वाढवली की काम वाढतं, पण त्या प्रमाणात नाही. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगलमन यांनी दोरी ओढण्याच्या प्रयोगांतून हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं. आठ जणांनी मिळून लावलेला जोर त्यांच्या एकेकट्याच्या जोराच्या बेरजेच्या निम्म्याच्या आसपास भरला. यातला काही तोटा ताळमेळ न जमल्याचा आहे. पण १९७४ मध्ये संशोधकांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागे इतर जणही ओढताहेत असं फक्त भासवलं, तरीही जोर कमी झाला. म्हणजे 'बाकीचे आहेत की' या भावनेनेही हात ढिला पडतो. १९८१ मधल्या आणखी एका प्रयोगात लोकांना गटात मोठ्याने ओरडायला सांगितलं होतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं त्यांना वाटलं, तेव्हा ही ढिलाई जवळजवळ नाहीशी झाली. टीममध्ये कामचुकार शोधत बसण्याआधी पाहावं की कुणी काय केलं हे कळण्याची सोय तरी आहे का. 'आपण सगळे मिळून करू' असं ठरलेलं काम कुणाचंच नसतं.

संख्येचा दुसरा खर्च संवादाचा. पाच जणांत दोघादोघांच्या १० जोड्या होतात, आठ जणांत २८, बाराजणांत ६६. प्रत्येक जोडीत काहीतरी सांगायचं राहू शकतं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं घातली तर त्याला अधिकच उशीर होतो, असं फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं, त्यामागे हे एक कारण होतं. दुसरं कारण, नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो.

टीमच्या वाटचालीबद्दल मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांचे टप्पे प्रशिक्षणांमध्ये हमखास सांगतात: जमणं, भांडणं, घडी बसणं, काम जोरात चालणं. हे १९६५ चं वर्गीकरण त्यांनी मुख्यतः उपचार आणि प्रशिक्षणासाठी जमलेल्या गटांवरच्या लेखांवरून केलं होतं. त्यामुळे कार्यालयातली टीम याच क्रमाने जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यातली एक गोष्ट मात्र मनाला आधार देणारी आहे: महिना-दोन महिन्यांनी खटके उडू लागले म्हणजे टीम बिघडली असं नाही.

खटक्यांबद्दल पूर्वी असं सांगत की कामावरचा वाद चांगला आणि व्यक्तींमधला वाईट. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर हे इतकं सरळ नसल्याचं दिसलं, कारण कामावरचा वाद फार चटकन व्यक्तींवर येतो. 'हा आराखडा चुकला' आणि 'तू नेहमी घाई करतोस' यांत दोन वाक्यांचंही अंतर नसतं. गट चालवणाऱ्याने नेमकं तिथे थांबवायला हवं: "आराखड्यात कुठे अडतंय ते दाखव, नेहमीचं नंतर बोलू." आणि नंतर खरंच बोलायचं, त्या दोघांना घेऊन, बाकीच्यांसमोर नाही.

संशोधक एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या टीम आणि औषध देण्यातल्या चुका यांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीममध्ये चुका सांगितल्या जात होत्या, बाकीच्यांत लपवल्या जात होत्या. 'इथे बोललं तर अंगाशी येणार नाही' या भरवशाला त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं आणि १९९९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. याचा अर्थ सगळ्यांनी गोड बोलायचं किंवा कामाचा दर्जा सैल सोडायचा असा लावला जातो, तो चुकीचा आहे. हा भरवसा भाषणाने येत नाही. पहिली वाईट बातमी घेऊन कुणी आलं की त्याच्याशी कसं वागलं गेलं, यावर सगळी टीम आपले आडाखे बांधते. "आत्ता सांगतोयस?" म्हटलं की पुढची बातमी आणखी उशिरा येणार. "बरं झालं सांगितलंस, आता काय करता येईल?" असं विचारलं की लवकर येणार.

आता शेवटची पाच मिनिटं. बैठकीत ठरलेली कामं लिहून काढताना प्रत्येक कामासमोर एकच नाव आणि एक तारीख हवी. मदतीला तिघं असोत, जबाबदार एकच. ज्याने काम घेतलं त्याने ते आपल्या शब्दांत सांगायचं: "मी गुरुवारपर्यंत तीन पुरवठादारांकडून दर मागवून तक्ता पाठवतो." वैमानिक नियंत्रण कक्षाच्या सूचना परत वाचून दाखवतात ते याचसाठी. ऐकणाऱ्याला काय कळलं हे सांगणाऱ्याला कळायला हवं. अनेकदा इथेच उलगडतं की एकाला दर हवे होते आणि दुसरा नमुने मागवणार होता.

पुढच्या बैठकीची सुरुवात याच यादीने करावी, आणि न झालेल्या कामाची कारणं ऐकण्यात वेळ घालवू नये. तीनच प्रश्न पुरतात: नवी तारीख कोणती, हे दुसऱ्या कुणाकडे द्यायचं का, की आता याची गरजच उरलेली नाही? गरज नसेल तर ते काम सगळ्यांसमोर यादीतून खोडावं आणि ज्याच्या नावावर होतं त्याला तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे तो पुढच्या वेळी नवं काम अंगावर घ्यायला कचरणार नाही.